आभाराची बाटली

आता म्हणे सरकारनं कायदा केलाय, नवऱ्यामागं बायकोला घर मिळतं. आमच्या वेळी नव्हतं बाई. माणूस गेला की घर त्याच्या बहिणीच्या मुलाचं. बायकोला द्यायचं तर जिवंतपणीच द्यावं, आणि तिनं चारचौघांत जिन दारूची बाटली ठेवून आभार मानावेत. साक्षीदारांनी ती प्यायली की मग कुणाच्या बापाची हिंमत नाही ते घर मागायची.

माझ्या नवऱ्यानं, बेडियाकोनं, मला घर दिलं ते अंथरुणावरून. पाय सुजलेले, उकडून कांडलेल्या कंदांच्या गोळ्याचं, फुफूचं ताट अर्धं परत यायचं. म्हणाला, "अफ्रा, कोको विकून बांधलं मी, पण विटा वाहिल्यास तू. घर तुझं. बाटली आण, उद्या दोघा साक्षीदारांना बोलाव."

बाटली मी त्याच दिवशी आणली, खोटं कशाला बोलू. कपाटात कापडांच्या घड्यांखाली ठेवली. तो रोज विचारी, मी रोज म्हणे, उद्या. आज पाऊस आहे, आज माणसं बाजाराला गेलीत.

एक दिवस चिडला. "तुला घर नको का गं?"

"बरा हो आधी, मग बोलावीन," म्हटलं.

आभार मानले की तो जाणार हे मान्य केल्यासारखं होतं. कसे मानू? तीस वर्षं त्याच्या घोरण्याला नावं ठेवली मी, आणि आता दुपारी ते थांबलं की कामाचे हात तसेच घेऊन धावत यायची.

तो गेला, तशीच बाटली कपाटात. चाळिसाव्या दिवशी त्याचं घराणं अंगणात बसलं. मी सगळं सांगितलं. वडीलधाऱ्यांनी एवढंच विचारलं, आभाराची बाटली कोण प्यायलं? मी ती आतून आणून समोर ठेवली.

त्यांनी हातात फिरवून पाहिली. "अफ्राकोमा, ही तर उघडलीच नाही."

"नाही उघडली."

भाचा वाईट नाही हो. खाली मान घालून म्हणाला, "मामी, सामान सावकाश न्या."

सामान काय, एक ट्रंक. मी माहेरी भावाकडे आले. घराची हळहळ वाटते, नाही असं नाही. पण भिंतींपेक्षा त्या घोरण्यासाठी जीव तुटतो, आजही.

बाटली ट्रंकेत आहे. भाऊ म्हणतो, त्याच्या थडग्यावर ओत, आभार मान, मोकळी हो.

मी म्हणते, उद्या.