न घेतलेलं पाकीट

ल्याव गुरुजींनी दक्षिणेचं लाल पाकीट बोटाच्या टोकानं परत सरकवलं आणि शिऊबी त्या पाकिटाकडे बघतच राहिली.

देवळाशेजारी गुरुजींचं चेहरे वाचायचं टेबल होतं. त्या टेबलासमोर तिचा नवरा थियान्साय बसला होता, तोही बळेच आणलेला. येत्या नववर्षाला त्याला एकेचाळिसावं लागणार होतं. माणसाच्या चेहऱ्यावर वयाच्या एकेका वर्षाची जागा ठरलेली असते, आणि एकेचाळिसाव्याची जागा दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या मुळाशी. नेमका तिथंच थियान्सायला आडवा व्रण होता, लहानपणी वल्हं लागल्याचा. त्यातून बोय माशांचा हंगाम तोंडावर आलेला, उत्तरेचा वारा सुटलेला. बोटीवर जाण्याआधी गुरुजींनी एकदा चेहरा पाहावा आणि ‘काही नाही, जा’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

गुरुजींनी त्याला उजेडाकडे तोंड करायला लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग म्हणाले, “जा. ते पाकीट राहू दे.”

“का बुवा?” थियान्साय हसला. “माझं थोबाड इतकं स्वस्त?”

“जा म्हटलं ना.”

थियान्सायला वाटलं, बरं झालं, फुकटात काम झालं. घरी येईपर्यंत तो शीळ घालत होता. बायका कशाला घाबरतात हे नवऱ्यांना कधी कळलंय? पण चेहरा वाचणारा माणूस मरणाऱ्याचे पैसे घेत नाही, हे त्या बंदरावर शेंबडं पोरही सांगेल. घेतले तर ते मरण घेणाऱ्याच्या अंगाला चिकटतं. शेवयावाल्या खूचे गुरुजींनी घेतले नव्हते. खू महिन्याच्या आत गेला, चांगला धडधाकट होता.

“अहो, यंदा बोटीवर नका जाऊ.”

“डोकंबिकं फिरलंय का तुझं? या दहा दिवसांत बोयीची अंडी, गाभोळी मिळते, तिच्यावर वर्षाची चूल पेटते आपली. न जाऊन काय तुझं तोंड बघत बसू?”

तोंड तीच त्याचं बघत बसली. तो जेवताना, दाढी करताना, दोरखंड वळताना तिची नजर त्याच्या नाकाच्या मुळावरून हलेना. तो व्रण रोज थोडा काळा पडतोय असं तिला वाटे. तिचं ताट तसंच राही. त्याला यायला जरा उशीर झाला की ती धक्क्यापर्यंत बघायला जाई.

नवव्या दिवशी दुपारी बातमी आली, बोय दिसली. पहाटे बोटी निघणार. शिऊबीनं जडीबुटीवाल्याकडून जुलाबाची रेवाचिनी आणली आणि संध्याकाळच्या पेजेत हात सैल सोडून घातली. रात्रभर थियान्साय हातात कंदील घेऊन परसाकडे धावत होता. पहाटे त्याला धड उभंही राहवेना.

“एक माणूस कमी पडतोय,” दारात येऊन तिचा धाकटा भाऊ किमसान म्हणाला. तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा, अजून लग्नाचा होता. “ताई, दाजींच्या जागी मी जाऊ? वाटा घरातच राहील.”

“जा, जा!” शिऊबी इतक्या घाईनं म्हणाली की त्यालाच हसू आलं. “यांचा जाड सदरा घालून जा. लवकर जा, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतील.”

तो गेला. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

सकाळ सरल्यावर ती गुरुजींकडे गेली. नवरा आज वाचला, पण उद्याचं काय? काही उतारा तरी विचारावा. बसल्या बसल्याच तिला रडू कोसळलं. “गुरुजी, काहीही सांगा, करते मी. पण यांना वाचवा!”

“कोण, शिऊबी का?” तिचा आवाज ऐकून गुरुजींनी मान वळवली, पण त्यांची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. “वाचवू? कशापासून?”

“तुम्ही पाकीट घेतलं नाहीत!”

म्हाताऱ्यानं आजूबाजूची चाहूल घेतली. मग आवाज खाली आणून बोलला. “अगं, वसंतापासून माझ्या डोळ्यांत पडदा आलाय. त्या दिवशी तीनदा उजेडाकडे वळवलं त्याला, तरी मला त्याचं नाकसुद्धा दिसलं नाही. न पाहिलेल्या चेहऱ्याचे पैसे कसे घेऊ? आणि चारचौघांत कुठल्या तोंडानं सांगू, की आंधळा झालो म्हणून?”

शिऊबीला हसावं की रडावं कळेना. मग तिला संताप आला. “अहो, माझ्या कानात तरी सांगायचं होतंत! नऊ दिवस जिवंतपणी मेले मी!”

तेवढ्यात टेबलावरचं कापड वाऱ्यानं उडालं. ती उठून धक्क्याकडे धावत सुटली.

उत्तरेचा वारा आता नुसता सुटला नव्हता, चवताळला होता. बोटी एकामागून एक आत येत होत्या. दुपार कलेपर्यंत सगळ्या आल्या, एक सोडून. धक्क्यावरच्या बायका तिच्याकडे बघायच्या आणि मान फिरवायच्या. पोट धरत, भिंतीचा आधार घेत थियान्सायही तिथं पोचला.

“येईल गं. किमसान पाण्यातला मासा आहे.” पण बोलताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. “मी असायचो त्या जागी. पोट नेमकं आजच कसं बिघडलं, देव जाणे.”

“मी बिघडवलं,” शिऊबी म्हणाली. “मी पेजेत घातलं. आणि त्याला मीच पाठवलं.”

थियान्साय तिच्याकडे बघतच राहिला. ती समुद्राकडे बघत होती. किमसानला अठ्ठाविसावं चालू होतं, आणि अठ्ठाविसाव्याची जागा दोन भुवयांच्या मध्ये असते. आई गेल्यापासून तिनं त्याला पाठीवर बांधून वाढवलं होतं. आज पहाटे तो दारात हातभर अंतरावर उभा होता.

“अहो,” ती म्हणाली, “त्याच्या दोन भुवयांच्या मध्ये काय आहे हो? साफ आहे, की काही खूण आहे?”

“कुणाच्या?”

“किमसानच्या. सांगा ना. मी पाहिलंच नाही.”

थियान्सायनं आठवून पाहिलं. त्यालाही सांगता येईना.