मावशींचं आकाश

अंतराळावरच्या एका मालिकेचं काम पडद्यामागे कसं चालतं, यावर मी माहितीपट करत होते. तिथे शिवणकाम करणाऱ्या मावशी तीन आठवडे एका काळ्या कापडाला सुईनं भोकं पाडत बसल्या होत्या. यानाच्या खिडकीबाहेर दिसणारं आकाश ते हेच.

"हे कॉम्प्युटरवर झालं नसतं का?" मी विचारलं.

"झालं असतं की. पण दिग्दर्शक म्हणाले, नटांना समोर खरंच काहीतरी दिसू दे."

दुपारी ते भिंतीएवढं कापड टांगलं, स्टुडिओत अंधार केला आणि मागचे दिवे लावले. ते कापड आहे हे सुतारापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळे हातातलं काम टाकून माना वर करून बघत राहिले. कप्तानाचं काम करणारी नटी तर चालत चालत कापडाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

मावशींनी ते आजवर मांडीवर, वीतभरच पाहिलं होतं. त्या मागे सरकत सरकत भिंतीला टेकल्या.

"एवढं मोठं होतं होय गं हे?" त्या हळूच म्हणाल्या.

माहितीपटात मी आकाश दाखवलंच नाही. मिनिटभर फक्त मावशींचा चेहरा ठेवला.