खांबाचे सोळा ठोके

"आठ सेकंद शांतता चालते, मास्तर. नवव्याला हे यंत्र स्वतःहून ठेवणीतलं गाणं लावतं. मग मी कितीही बटणं दाबली तरी ऐकत नाही. अगदी माझ्या सासूबाईंचा स्वभाव."

यंत्रावरच्या बाईंनी असे बजावले, तेव्हा मास्तर पियानोचे झाकण उघडत होते. चार वाजावयास दहा मिनिटे होती. गेली एकतीस वर्षे दर गुरुवारी रेडिओवर जॅझ वाजवावे, आणि दोन सुरावटींच्या मध्ये श्रोत्यांशी चार गोष्टी बोलाव्यात, हे त्यांचे कार्य होते. तत्पूर्वी त्यांनी हॉटेलांच्या भोजनगृहांत बारा वर्षे काढली. तिथे वाद्यापेक्षा काट्याचमच्यांचाच आवाज अधिक. परंतु दोन्हीकडे त्यांच्या उजव्या हाताला, आपल्याहून उंच बास हे तंतुवाद्य कवटाळून, एकच मनुष्य उभा असे. सर्व त्यास खांब म्हणत.

खांब जाऊन नऊ दिवस झाले होते.

सकाळी त्याच्या पत्नीने दारातच सांगितले होते, "भावोजी, शेवटच्या सुरावटीतली ती सोळा ठोक्यांची जागा ह्यांची. आज तिथं दुसऱ्या कुणाला उभं करू नका. आणि तुम्हीही वाजवू नका हो! मोकळी जागा दिसली की तुम्हाला राहवत नाही."

"शब्द दिला, वहिनी."

शब्द देताना ह्या यंत्राचे स्मरण राहिले नाही. ते मागच्याच महिन्यात बसले होते. सोळा ठोके म्हणजे सोळा सेकंद.

"मधे हळूच एखादी पट्टी दाबा," बाई म्हणाल्या. "कुणाला कळतंय?"

"वहिनींना कळेल."

"आणि हवेवर भलतं गाणं गेलं तर वर जाब मला द्यावा लागेल, त्याचं काय?"

मास्तर पियानोपुढे बसले. बाईंनी नित्याप्रमाणे वाकून त्यांच्या डाव्या पायाखाली सतरंजीची घडी सारली. वाजवताना त्या पायाने ठेका धरण्याची मास्तरांना खोड होती. पहिल्याच आठवड्यात एका श्रोत्याने पत्र धाडले होते, की कार्यक्रम उत्तम, मात्र वरच्या मजल्यावरील सुतारास आवरावे. तेव्हापासून ही घडी. खांब मात्र म्हणे, "लेका, मी तुझ्या हातांवर कुठं वाजवतो? पायावर वाजवतो."

कार्यक्रम यथास्थित पार पडत गेला. शेवटची सुरावट त्या जागेपाशी पोहोचली. मास्तरांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

काचेपलीकडे यंत्राचे तांबडे आकडे चढू लागले. एक. दोन. बाईंनी डोक्याला हात लावला.

मास्तरांनी बुटाच्या टोकाने सतरंजी बाजूस लोटली.

ठक्.

आकडा शून्यावर आला. ठक्. पुन्हा शून्य. उघड्या लाकडी जमिनीवर बूट पडत राहिला, आणि बाई ओठांनी मोजत राहिल्या. सोळावा ठोका झाला आणि हात पुन्हा पट्ट्यांवर आले.

कार्यक्रम संपताच फोन आला.

"भावोजी, शेवटचे दोन घाईत गेले. हे असते तर बोलले असते."

"शिव्याच दिल्या असत्या, वहिनी."

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मास्तरांनीही ती जागा भरली नाही.

फोन ठेवून ते वाकले. सतरंजीची घडी त्यांनी नीट केली आणि पियानोच्या उजव्या बाजूस, जिथे बासच्या टोकाने जमिनीला खळगा पडला होता, त्यावर ठेवली.

"पुढच्या गुरुवारी पायाखाली काय घालू?" बाईंनी विचारले.

"काही नको," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी झाकण लावले.