डाग कशाचा ते आधी सांगा

तिच्या लाँड्रीत गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला. डाग कशाचा? चहाचा, शाईचा, रक्ताचा, की सांगायची लाज वाटते त्याचा? जे असेल ते धुण्याआधी सांगा. एकदा गरम पाणी लागलं, वरून इस्त्री फिरली, की डाग कापडाचा सोयरा होतो, मग हाकलला तरी जात नाही. लपवणाऱ्याला ती चारचौघांत झाडायची. तोंडावर सगळे तिला मावशी म्हणत, पाठीमागे कडक मावशी. ते इस्त्रीवरून की जिभेवरून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

अशा बाईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, केस गेले, केस आले आणि त्यांच्या मागोमाग गाठही आली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसायला घेतला तेव्हाच तिला उमगलं. चष्मा पुसणारा माणूस चांगली बातमी देत नसतो. ते म्हणाले, नेहमीच्या औषधांचा आता उपयोग नाही. पण नवीन औषधांच्या चाचण्या चालू असतात, त्यात बसत असाल तर बघू.

बसणं म्हणजे काय ते तिला पुढे कळलं. मुलगी बघायला यावं तसं तिला बघितलं. रक्त बघितलं, काळीज बघितलं, गाठीची लांबीरुंदी मोजली, आधी काय काय घेतलं ते खोदून विचारलं. पहिल्या चाचणीवाल्यांनी नाही म्हटलं, कारण तिची आधीची औषधं त्यांच्या नियमात बसेनात. दुसरे म्हणाले, चालेल, दर गुरुवारी या. शाळेत दुसरीच्या वर न गेलेली ती बाई पास झाल्यासारखी घरी आली. मुलगा म्हणाला, छान झालं. सून म्हणाली, मग गुरुवारी दुकानात कोण बसणार?

घरात माणसं उतू जात होती, पण इस्पितळात बरोबर यायला एक नव्हतं. त्यांचाही दोष किती म्हणायचा? बाळंतपणात नाही, नवरा गेला तेव्हा नाही, कधीच तिने कुणापुढे हूं केलं नव्हतं. कुणी विचारलं की "बरं आहे" एवढं म्हणून तोंडाला कुलूप. पुढे पुढे लोकांनी किल्लीच टाकून दिली. सकाळी ती पिशवी घेऊन एकटी निघायची आणि बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली तर तिच्यावर पिशवी ठेवायची, कुणीतरी असल्यासारखी.

चाचणीच्या नर्सने पहिल्याच दिवशी कागदांचा गठ्ठा पुढे केला. मावशीने चष्मा विसरल्याचं सांगितलं. चष्मा पिशवीतून डोकावत होता, पण नर्स शहाणी. तिने सगळं मोठ्याने वाचून, सोपं करून सांगितलं. तुम्हाला गुण येईलच असं नाही. मनात आलं की केव्हाही सोडू शकता. हे औषध किती द्यायचं तेच अजून शोधतोय, म्हणून आधी काही जणांना कमी देतो आणि त्यांना सोसलं तर पुढच्यांना वाढवतो. तेव्हा काहीही झालं, नखाएवढं का असेना, ते सांगायचं. फारच त्रास झाला तर औषध थांबवू.

एवढ्या सगळ्यातलं मावशीने एकच गाठीला बांधलं. त्रास सांगितला की थांबवतात. झालं. त्रास सांगायचा नाही.

तिसऱ्या सलाइननंतर बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या आणि बोटांवर जाड मोजे चढवल्यासारखं झालं. सुई धरवेना, गुंड्या लागेनात. ती डोक्यावरून घालायचे कपडे वापरायला लागली. घरात कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. दर गुरुवारी नर्स एकेक विचारायची: उलट्या? ताप? हातापायांना बधिरपणा? मावशीचं उत्तर तयार. "काही नाही. लोखंड आहे मी." नर्स हसायची आणि तसं नोंदवायची.

एका दुपारी दुकानात करपल्याचा वास आला. तिने झटकन शर्ट उचलून पाहिला, गिऱ्हाइकाचं कापड जाळलं म्हणून जीव घाबरा झाला. शर्ट चांगला होता. कापड सारखं करणारा तिचा डावा हात इस्त्रीला टेकला होता आणि तळवा भाजून निघाला तरी त्याला खबर नव्हती. ती स्टुलावर बसून त्या हाताकडे बघत राहिली, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मग पट्टी बांधली, वर लोकरीचा हातमोजा चढवला. गुरुवारी थंडीचं निमित्त सांगून रक्त उजव्या हातातून दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

इस्पितळाच्या बाकावर एक पिवळ्या टोपीवाली बसायची. घड्याळं दुरुस्त करणारी, एकटीच राहणारी आणि तोंडाची भारी सैल. आपलं दुखणं ती लिफ्टवाल्यालाही सांगायची. कडक मावशीला असली माणसं मुळीच सोसत नसत. तरी गुरुवारी बाक रिकामा दिसला की तिला चुकल्यासारखं वाटे, ही गोष्ट वेगळी.

त्या गुरुवारी टोपीवाली सरकून जवळ आली. "तुमच्या कृपेने माझा नंबर लागला. तुमच्या वेळच्यांना सोसलं म्हणतात. आम्हाला आता त्याच्या वरचं देणार."

मावशीने मोजा घातलेला हात पदराआड घेतला.

"खरं सांगा हं. कागदात बोटांचं काहीतरी होतं. माझं सगळं पोट बोटांवर आहे. एवढाले स्क्रू असतात. तुमच्या बोटांना काही झालं?"

"काही नाही," मावशी म्हणाली. जिभेला सवयच ती.

"सुटले बाई. मग करते बिनधास्त सही."

नर्सने आत हाक मारली. खुर्चीत बसेपर्यंत मावशीच्या डोळ्यापुढे टोपीवालीची बोटं होती. बारीक, नखं कापलेली, सारखी चुळबूळ करणारी. सलाइनची बाटली टांगून तयार होती. त्या बाटलीसाठी तिने एवढं तोंड दाबलं होतं. या बाटलीपलीकडे दुसरं औषध नव्हतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नर्सने विचारलं, "उलट्या? ताप?"

मावशीने दातांनी मोजा ओढून काढला, पट्टी सोडली आणि हात टेबलावर ठेवला.

नर्सने तळवा उजेडाकडे वळवून पाहिला. मग हळू विचारलं, "कधीपासून?"

"बधिर तिसऱ्या बाटलीपासून. भाजलं मागच्या आठवड्यात."

"सांगितलं का नाही, मावशी?"

"काढून टाकाल म्हणून."

नर्सने तिला झाडलं नाही. झाडलं असतं तर बरं वाटलं असतं. ती डॉक्टरांना बोलावून घेऊन आली. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं, टोचलं की सांगा म्हणाले. मावशी वाट बघत राहिली. शेवटी डोळे उघडले तर डॉक्टर हात धूत होते.

आज औषध नाही, ते म्हणाले. संवेदना परत आली तर कमी करून देण्याचा विचार करू. नाही आली तर थांबवावं लागेल. पुढच्या लोकांचा डोस वाढवणंही आता सगळे बसून ठरवेपर्यंत बंद.

"आणि ती बाहेरची?"

"त्यांनाही आता हे सांगूनच काय ते."

नर्सने तिच्या हाताला मलम लावून नवी पट्टी बांधली. मावशीला पट्टीचा स्पर्श कळत नव्हता, नुसता दिसत होता. भरलेली बाटली तशीच आत गेली.

बाहेर टोपीवाली पेन हातात धरून बसली होती. मावशी तिच्यापुढे उभी राहिली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली आणि पट्टीचा हात वर केला. "बधिर होतात. आत सांगतील सगळं."

टोपीवालीने हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सगळ्या जगाशी बोलणारी ती बाई पहिल्यांदाच गप्प बसली. मावशी थोडा वेळ थांबली, पण थांबून मिळण्यासारखं काही नव्हतं. बसमध्ये तिने पिशवी शेजारी ठेवली नाही, मांडीवर घेतली.

घरी सगळी टीव्हीपुढे होती. सुनेने ताट झाकून ठेवलं होतं. मुलाने मान न वळवता विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" आणि उत्तर माहीत असल्यासारखा टीव्हीचा आवाज वाढवला.

मावशी दारातच उभी होती. मग टीव्हीपाशी गेली आणि बोटांना बटण कळेना म्हणून कोपराने दाबून तो बंद केला. सगळ्यांनी वर पाहिलं.

"आता पुन्हा विचार," ती म्हणाली.