वळण आलं, बुवा

या, जरा अलीकडे सरून बसा. मागं खांबाला टेकलेत त्यांनीही पुढं यावं, आज टाळ-मृदंग नाही, नुसती गोष्ट आहे, अन् ती हळू आवाजातच सांगायची आहे. गोष्ट पुराणातली नाही. आपल्या पांढुर्ण्याच्या हेमराज गुरुजींची आहे. तिच्यात देव आहे, पण तो जरा उशिरा भेटतो. त्याच्या आधी बॅटरी, चार्जर अन् डिक्की यांच्यातून वाट काढावी लागते. एकदा गोडी लागली की मात्र मधून उठवणार नाही तुमच्यानं, एवढं कबूल करून टाकतो.

तर हेमराज गुरुजी शाळेतून निवृत्त झाले अन् घरात गाडी घ्यायची ठरली. ठरवली लेकीनं. केतकी सौसरच्या तहसील कचेरीत नोकरीला, रोज पांढुर्ण्याहून जाणं-येणं. बसच्या दांडीला लोंबकळून तिचा जीव विटला होता. गाडी विजेवरची घ्यायची, अन् पंधरा लाखांच्या वर नजरसुद्धा टाकायची नाही, हे तिनं पक्कं केलं होतं. जेवताना तिचं एकच कीर्तन चाले. कंपनी सांगते तेवढी गाडी कधीच धावत नाही, त्यातला तिसरा हिस्सा सोडूनच हिशोब धरायचा. उन्हाळ्यात एसी लावला की आणखी कमी. घरी चार्ज करायचं तर आधी अर्थिंग नीट करून घ्यायचं, कारण आपल्याकडची वीज कधी चढते, कधी उतरते. सुनंदाबाईंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, भलतीच चिंता. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते म्हणतात, मग पावसाळ्यात नाल्यावरच्या ठेंगण्या रपट्यावरून पाणी वाहत असलं तर? केतकीनं समजावलं की ती पक्की बंद असते, पण वाहत्या पाण्यात गाडी घालायचीच नाही, कोणतीही नाही. तेव्हा कुठं त्यांनी दुसरी पोळी वाढली.

शेवटी दोनच गाड्या उरल्या. एक उंच, ऐसपैस, एका चार्जमध्ये लांब पल्ला मारणारी. दुसरी तिच्याहून बुटकी, पल्ल्यानं कमी, डिक्कीनं लहान. केतकीचं मन उंच गाडीवर बसलं होतं. नागपूरला जाऊन तिनं ती चालवूनही पाहिली होती.

गुरुजी या सगळ्यात हं-हं करत. त्यांच्या मनात वेगळाच प्रश्न होता अन् तो विचारायची त्यांना लाज वाटे. तो प्रश्न असा, की या दोन गाड्यांपैकी कोणत्या गाडीत गुणवंता बुवा बसतील?

आता बुवा कोण, ते सांगितल्याशिवाय गाडी पुढं जायची नाही.

मोहगावचे गुणवंता बुवा म्हणजे या मुलुखातलं गोड कीर्तन. गुरुजींच्या वडिलांची संत्र्याची बाग होती अन् मालासाठी घेतलेली एक डिझेल जीप. संत्र्याचा आंबिया बहार उतरला, की एका शनिवारी बुवांचं कीर्तन जामसांवलीच्या मारुतीपुढं करायचं, हा त्या घराचा नेम. त्या दिवशी जीप धुवायची, संत्र्याच्या पेट्या काढून टाकायच्या, पुढच्या सीटवर गोधडी अंथरायची अन् बुवांना आणायला मोहगावला जायचं. जीप चालवायचा कवडू. अन् गंमत अशी, की बुवांचा मृदंगीही कवडूच. चाकावरचे हात धुऊन तो सूर बसवायला मृदंगावर कणीक चढवायचा अन् पहिली थाप पडली की सगळ्या मांडवाच्या पाठी ताठ व्हायच्या.

हेमराज तेव्हा कॉलेजात. त्याची जागा ठरलेली, मागच्या फळीवर, मांडीवर पेटी, पायांत मृदंग. तिथून त्याला पुढची दोन डोकी दिसत. बुवा डोळे मिटून बसलेले, अन् कवडूकाका त्यांच्याकडे झुकून काहीतरी सांगतोय. काय सांगतोय ते मात्र कधी कळलं नाही. त्या जीपचा आवाजच असा, की मागं बसलेल्याला स्वतःचा खोकला ऐकू येऊ नये. सगळे म्हणत, बुवा ध्यानात आहेत, रात्रीचं आख्यान मनात जुळवून राहिले. हेमराजला वाटे, एकदा तरी पुढं बसायला मिळावं, एकदा तरी ते बोलणं कानी पडावं.

ते राहूनच गेलं. वडील गेले, बाग वाटण्यांत लहान झाली, तरी शनिवार चुकला नव्हता. मग कवडूकाका गेला, अन् बुवांनी हात जोडले. म्हणाले, कवडू गेला, माही सवारी संपली. त्यानंतर कोणी कसलीही गाडी नेली तरी बुवा ओट्यावरून उतरले नाहीत. जीप चिंचेखाली उभी राहिली. तिच्यात आता कोंबडी अंडी घालते.

बुवांचं वय झालं होतं. गुरुजींना एवढंच हवं होतं, की बुवांच्या तोंडून एक कीर्तन अजून जामसांवलीला व्हावं.

बुटकी गाडी शोरूमवाल्यांनी एका दिवसासाठी घरीच धाडली, पाहून घ्या म्हणून. सोबत गौरव नावाचा त्यांचा माणूस. केतकीनं आधी दारापुढं मागं-पुढं करून पाहिली, डिक्कीत संत्र्याचं क्रेट ठेवून पाहिलं, अन् नाक मुरडलं. गुरुजी आत गेले अन् जीपमधली जुनी गोधडी, बाजाची पेटी अन् मृदंग घेऊन आले. गौरवनं विचारलं, सर, हे काय? गुरुजी म्हणाले, सवारी आहे. मग डिक्कीत पेटी मावली, पण मृदंग काही मावेना. तो गौरवच्या मांडीवर गेला. नागपूरचा तो इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस मोहगाव येईपर्यंत मृदंगाला लेकरासारखा सांभाळून बसला होता. मागं त्याच्या बाजूला केतकी हसू दाबून बसलेली, अन् गाडी चालवायला गुरुजी.

बुवा ओट्यावर होते. गुरुजींनी पायांवर डोकं ठेवलं अन् मनातली इच्छा सांगितली. म्हणाले, तुम्ही नाही म्हणाल तर चहा पिऊन परत जातो, पण एकदा सीटवर बसून पाहा. बुवांनी गाडीकडे पाहिलं नाही. उघड्या दारातून त्यांना गोधडी दिसली. तिची कडा त्यांनी हातात घेतली, अंगठ्यानं चाचपली.

"कवडूची होय ही," ते म्हणाले. "त्याच्या बायकोनं शिवली होती."

गाडी बुटकी, त्यामुळं चढावं लागलं नाही. ओट्यावर बसावं तसे बुवा तिच्यात बसले. मग म्हणाले, फाट्यापर्यंत चल, पण मी म्हणीन तिथं उतरवून देजो. डोळे गच्च मिटले. डाव्या हातानं दाराची मूठ धरली, उजव्या हातानं गुरुजींची बाही. गुरुजींनी गाडी सोडली. गल्ली गेली, हातपंप गेला, बाजाराची जागा गेली.

थोड्या वेळानं बुवा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "अरे हेमराज, कर ना बापा चालू. कवापासून बसून राहिलो."

"बुवा, फाटा मागं पडला."

बुवांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. बाहेर कपाशीचं बोंड फुटलेलं शेत मागं सरकत होतं. ते त्याच्याकडे पाहत राहिले. बाहीवरची पकड हळूहळू सुटली. उतरव म्हणाले नाहीत. पुढं नाल्यावरचा पूल आला तेव्हा त्यांनी विचारलं, हा पूल कवा झाला. गुरुजी म्हणाले, बुवा, आपण जीपनं याच पुलावरून जात होतो.

जामसांवलीला पोचल्यावर निजलेल्या मारुतीचं दर्शन झालं. बुवा पिंपळाखाली किती तरी वेळ हात जोडून होते. केतकी प्रसादाच्या रांगेत गेली, गौरव फोनवर बोलत बाजूला गेला. अन् इथंच ती भानगड झाली. बुवा बाहेर आले, गाडीकडे पाहिलं अन् गुरुजींना बोलले, की नवी गाडी देवाच्या दारी आली अन् तशीच कोरी उभी ठेवतोस? त्यांनी पुजाऱ्याला हाक मारली. गुरुजी सांगू गेले, पण इतक्या वर्षांनी बुवा जामसांवलीला आलेले, त्यांचा उजळलेला चेहरा पाहून ते सांगणं त्यांनी राहू दिलं. पुजाऱ्यानं मालकाचं नाव विचारलं. बुवांनीच सांगितलं, हेमराज. मग गोत्र सांगितलं.

केतकी अन् गौरव परत आले तो पांढऱ्या बोनेटवर तेलातल्या शेंदराचं ठसठशीत स्वस्तिक, आरशाला झेंडूचा हार, चारही चाकांखाली लिंबं अन् पुढं फुटलेला नारळ. गौरवनं सवयीनं आधी हात जोडले, मग त्याच्या लक्षात आलं की ही आपलीच गाडी.

"सर, ही डेमो गाडी आहे," तो हळूच म्हणाला. "संध्याकाळी जमा करायची आहे."

बुवांनी विचारलं, डेमो म्हणजे काय. केतकीनं सांगितलं, "दाखवायची गाडी, बुवा. आपली नाही ती."

बुवांनी स्वस्तिकाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. "देवापुढं तर हेमराजची म्हणून सांगतलं मी," ते म्हणाले. "मंग आता हे कोणाची झाली?"

गौरव रुमाल काढून बोनेटजवळ गेला अन् तसाच रुमाल घडी करून खिशात ठेवता झाला. शेंदूर पुसायला हात कोणाचा धजणार?

परतताना केतकी बापाच्या हातून चावी ओढून घेऊन चालवायला बसली. तिचा राग रास्त होता. इतक्या महिन्यांचा अभ्यास तिचा, अन् निकाल लावला एका नारळानं. बुवा तिच्या बाजूला. गुरुजी आपल्या जुन्या जागी, मागं, मांडीवर मृदंग. गौरव खिडकीकडे तोंड करून आपल्या साहेबांना काय सांगायचं ते जुळवत होता.

रस्ता वळणाला आला अन् बुवा बोलू लागले. आवाज आता सुतासारखा बारीक झालेला, पण त्या गाडीत दुसरा आवाजच नव्हता. मागच्या सीटवर शब्द न् शब्द येत होता.

"बाई, तुले एक सांगू? मले गाडीचं लय भेव. त्या जीपचा आवाज सुरू झाला की वाटे, आता उलटते. लोक समजत, बुवा ध्यानात आहे. कायचं ध्यान. मी भेवानं डोळे मिटून बसो. कवडूलेच ठाऊक होतं ते. तो मले सांगत जाय, वळण आलं बुवा, धरून बसा. आता सीधा रस्ता आहे, श्वास घ्या. सारा रस्ता असाच. अन् कोणापाशी बोलला नाही कधी. त्याच्या बायकोपाशीही नाही."

केतकीनं वेग कमी केला. मागं गुरुजी मृदंगाच्या पुडीवरच्या काळ्या शाईवर बोटं ठेवून बसले होते. जन्मभर ज्या बोलण्यासाठी कान तरसले होते ते हे होतं. आख्यान नव्हतं, पद नव्हतं. एका माणसानं दुसऱ्याची लाज झाकली होती, एवढंच.

पुढं डावीकडे रस्ता वळत होता. केतकी थोडी बुवांकडे झुकली.

"वळण आलं, बुवा," ती म्हणाली. "धरून बसा."

"नाई वं," बुवा म्हणाले. "आता पाहू दे मले. चाळीस वर्सं याच रस्त्यानं गेलो, अन् पाहिलाच नाही मी हा रस्ता."

ते मोहगावापर्यंत पाहतच राहिले. संत्र्याची झाडं, बांधावरची बोर, बैलांमागं चाललेली बाई, सगळं विचारून घेत होते. ओट्यापाशी उतरले अन् कोणी न मागता शनिवार सांगून टाकला.

पांढुर्णा जवळ आल्यावर केतकीनं आरशातून मागं पाहिलं. म्हणाली, "बाबा, सौसरला जाऊन यायला हिचा पल्ला पुरते. नागपूरला जाताना वाटेत चहाला थांबू, तेवढ्यात चार्ज होऊन जाईन." मग म्हणाली, "पण मृदंग कोणाच्या तरी मांडीवर घ्यावा लागन." गुरुजी म्हणाले, "माही मांडी आहे ना."

गौरवचे साहेब आधी तापले, मग त्यांनी बोनेटचा फोटो मागवला, अन् फोटो पाहून तेही मऊ झाले. डेमोची गाडी काही महिन्यांनी विकायचीच असते, ती थोडी लवकर विकली. कागद तेवढे नव्यानं झाले, पूजा दुसऱ्यांदा करावी लागली नाही.

त्या शनिवारी बुवांचं कीर्तन झालं. उभं राहवेना म्हणून त्यांनी बसूनच केलं. मृदंगाला सौसरचा एक नवा माणूस होता, चांगला होता. पूर्वरंग संपवून बुवा समोरच्यांना म्हणाले, आज मी डोळे उघडे ठेवून आलो. मांडवातल्या कोणाला काही कळलं नाही. गुरुजींनी मात्र मान खाली घातली, अन् केतकीनं पदराला डोळे पुसले.

स्वस्तिक आता पावसानं फिकं झालं आहे, पण उन्हात तिरकं पाहिलं की दिसतं. कधी त्या रस्त्यानं गेलात अन् ती गाडी आवाज न करता बाजूनं गेली तर हात जोडा किंवा नका जोडू, तुमची मर्जी. एवढंच मागतो, की पुढच्या वळणावर बाजूला बसलेल्याला हळूच सांगा, वळण आलं, धरून बसा. अन् सांगताना एकदा आमच्या कवडूची आठवण काढा.