लिस्बनची वेळ

एक केस. लॅपटॉपच्या दोन कळांमधल्या फटीत अडकलेला, तांबूस, टोकाशी किंचित वळलेला. ल्युबेनने तो नखाने उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. झोर्नित्साचाच. लॅपटॉप तिचा, मग केस दुसऱ्या कुणाचा असणार? तरी आपण तो निरखून पाहिला याची त्याला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तो क्षणभर तसाच धरून राहिला...

"जमतंय ना रे?" स्वयंपाकघरातून झोर्नित्साचा आवाज आला. "त्या कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत सगळं दोन तास मागे दिसतंय. सोमवारी बुर्गासला लाटांच्या नोंदी पाठवायच्यात. चुकीच्या वेळा गेल्या तर हसतील मला."

"बघतो."

बघायचं काय त्यात? एका ओळीत उत्तर आलं होतं. लॉगिन केल्याबरोबर कुणीतरी यंत्राच्या कानात एक नाव सांगून जात होतं, कुठल्या गावाची वेळ धरायची त्या गावाचं. आणि ते त्यांच्या वार्नाच्या वेळेचं गाव नव्हतं. लिस्बन होतं.

लिस्बन. ती तिथे पूर्ण शरद ऋतू राहून आली होती, भरती-ओहोटी मोजणाऱ्या एका प्रयोगशाळेत, दुआर्तेच्या हाताखाली — नाही, दुआर्तेच्या बरोबर, तिने लगेच दुरुस्त केलं होतं. ऑक्टोबरअखेर परतली ती कॉफी उभ्यानेच प्यायची सवय घेऊन. ल्युबेन टेबलाशी बसून असायचा, समोरची खुर्ची रिकामी, आणि ती ओट्याला टेकून दोन घोटांत कप संपवायची... दुआर्ते म्हणतो, काळ्या समुद्राला भरती येते हे तुम्हा लोकांना माहीतच नाही. दुआर्ते म्हणतो, सार्डिन मासे भाजताना उलटायचे नसतात. आणि हे सांगताना ती हसायची, ते हसू ल्युबेनच्या ओळखीचं होतं — पण जुनं, लग्नाआधीचं.

हे नाव कुठून सांगितलं जातंय ते त्याने शोधायला सुरुवात केली. आधी साऱ्या यंत्रासाठी असलेली फाइल, मग तिच्या शेजारच्या फोल्डरातल्या लहानसहान फाइली. तिथे काही नव्हतं. मग यंत्रातल्याच झोर्नित्साच्या स्वतःच्या घरात शिरला, टिंबाने सुरू होणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या फाइलींत. तिथे शिरताना बायकोची पर्स उघडावी तसं त्याला वाटलं. तिनेच तर सांगितलंय, त्याने मनाला बजावलं. पण मन कुठे ऐकतंय. त्याला सापडायला हवं होतं. त्या माणसाच्या हाताची ओळ, तिच्या यंत्रात, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसून लिहिलेली... ती एकदा सापडली की जोरात बोलता येईल, ताट सरकवून उठता येईल, मनात साचलेलं सगळं एकदाचं बाहेर काढता येईल. एक फाइल त्याने उगाच दोनदा वाचली. मग आठवलं, लॉगिन करताना यंत्र ही वाचतच नाही. अशा फाइलींची तीन नावं ठरलेली असतात; पहिलं सापडलं की उरलेल्या दोन नावांकडे ते ढुंकूनही पाहत नाही.

शेवटी त्याने यंत्रालाच सांगितलं, लॉगिनच्या वेळी जे जे करतंस ते एकेक ओळ बोलून दाखव. ओळी धडाधड उतरल्या. अर्ध्यावर एक साधीशी ओळ दुसऱ्याच फोल्डरातल्या फाइलीला हाक मारत होती. फोल्डराचं नाव भरती. आत टीझेड, म्हणजे कुठली वेळ धरायची ते, मग बरोबरचं चिन्ह, लिस्बन.

त्याने फाइल कधी लिहिली ते विचारलं. नोव्हेंबर. म्हणजे परतल्यावर. इथे, या घरात. ही वेळसुद्धा यंत्राने लिस्बनचीच दाखवली. त्याने मनात दोन तास मिळवले. संध्याकाळ. ती संध्याकाळ त्याला आठवली. तो बाल्कनीत मिरच्या भाजत होता, ती सालं काढायला बसली होती आणि मध्येच "आलेच हं" म्हणून, काळे हात तसेच घेऊन, आत गेली होती...

झोर्नित्सा चीज भरून भाजलेल्या बानित्साची ताटली घेऊन आली. "सापडलं?"

"तूच लिहिलंयस."

"मी?" ती वाकली. तिचा गाल त्याच्या कानाजवळ आला. "अगंबाई, हो की! दुआर्तेच्या नोंदी तिकडच्या वेळेत यायच्या ना. दर वेळी दोन तास मिळवत कोण बसणार? आणि मग पार विसरले बघ."

"विसरलीस?"

"अरे, महिना झाला त्याचं काम संपून. तोंड का असं केलंयस? काढून टाक ती ओळ."

"काढू?"

"मग तुला बोलावलं कशाला, फोटो काढायला?" ती हसली आणि त्याच्या ताटलीतला खरपूस कोपरा मोडून घेऊन निघून गेली.

त्याने ओळ पुसली. पुन्हा लॉगिन केलं. वार्नाची वेळ आली, बरोबर, आपोआप.

ही वेळ कुठून आली? शोधायची गरज नव्हती. तिच्यासाठी झोर्नित्साने कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. यंत्र घरात आलं त्या दिवशी केव्हातरी ठरलेली ती वेळ, दुसरं काही सांगितलं नाही तर धरायची ती; जवळपास त्याच्यासारखीच. दुआर्तेवरचा राग त्याने आत चाचपून पाहिला. तो होता तिथे आता काहीच नव्हतं. मत्सर मात्र जागचा हलला नव्हता. तो आता दुआर्तेचा नव्हता, कुणाचाच नव्हता. मुद्दाम उठून, मिरच्यांनी काळे झालेल्या हातांनी लिहिलेल्या त्या एका ओळीचा होता. आतून ती काहीतरी गुणगुणत होती. हे गाणं आपल्याला माहीत आहे का, हे ठरवण्यासाठी ल्युबेन कान देऊन बसला, आणि चाल ओळखीची निघावी की अनोळखी, यातलं काय हवं आहे ते त्याला कळेना.