ओझोनचं बटण कुणी दाबायचं

रुईकर कॉलनीतल्या मगदुमांच्या घरात आजतागायत एकाही जिवाची हत्या झालेली नाही. पद्मावतीबाई मगदूम हे आल्यागेल्याला सांगत, आणि पद्मावतीबाई खोटं बोलत नाहीत हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. घरात विंचू निघो, कोठीच्या खोलीत उंदीर होवो, न्हाणीत घोण वळवळो, त्या काठीला हात लावत नसत. पदर सारखा करून घरामागच्या परड्यातल्या कुंपणापाशी जात आणि शेजारी हाक देत, "वसंतराव, या की चहाला."

वसंतराव किणीकर येताना एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन येत. मग चहा होई. विंचवाचा विषय कुणीही काढत नसे.

वसंतराव कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. हयात बेडूक कापण्यात गेलेली, तेव्हा त्यांच्या पापाच्या रांजणात एका विंचवानं काय भर पडणार? आणि पद्मावतीबाईंना जैन बस्तीतल्या प्रवचनातनं पाठ होतं की करणं, करवणं आणि केल्यावर बरं झालं म्हणणं, ही तिन्ही पापं सारखीच. चहाला बोलावणं ह्या तिन्हींत कुठंच बसत नव्हतं.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, ते बापूसोंच्या गुडघ्यानं बिघडवलं.

बापूसो मगदूम, म्हणजे पद्मावतीबाईंचे यजमान, मूळचे शिरोळकडचे. शेती भावाच्या हवाली करून कोल्हापुरात आले, पण येताना गुडघा उसातच ठेवून आले असं ते म्हणत. गेल्या हिवाळ्यात ते भाच्याच्या लग्नाला एका मोठ्या हॉटेलात उतरले होते. तिथं गरम पाण्याचा एक हौद होता. खालून बुडबुडे येत होते आणि पाणी अंगाभोवती असं गुदगुल्या करत फिरत होतं, की आपला गुडघा कुठला आणि शेजारच्या पावण्याचा कुठला हे बापूसोंना कळेना. ते अक्षतांना उशिरा पोचले. आणि त्या दिवसापासनं त्यांना दुसरं काही सुचेना. तसला हौद आपल्या परड्यात पाहिजे.

पण बायकोला "मला मजा वाटते" असं सांगायची रीत मगदुमांत नव्हती. कारण दुखण्याचंच पाहिजे. म्हणून बापूसो डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याला गरम पाण्याचा शेक द्या." पुढं आणखीही काहीतरी बोलत होते, पण बापूसोंना हवं तेवढं मिळालं होतं. ते नमस्कार करून उठले.

घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर म्हनलं, गरम पाण्यात बसाय पायजे. रोज."

"बसा की. बादली हाय," पद्मावतीबाई म्हणाल्या.

"बादलीत बसू?"

थोरला ऋषभ फौंड्री चालवायचा. त्याला नवीन यंत्र म्हटलं की ते कशाचं आहे हे विचारायच्या आधीच ते आवडायचं. तो म्हणाला, "आई, हॉट टब मिळतोय आता. परड्यात आडाशेजारी बसवू."

पद्मावतीबाईंनी मोबाइलवरचं चित्र लांब धरून पाहिलं. "ही तर गुऱ्हाळातली काहील. ह्यांचा काय गूळ पाडायचाय व्हय?"

तरी त्यांनी नाही म्हटलं नाही. दोन अटी घातल्या. पाणी आडाचंच, आणि दुहेरी कापडातनं गाळून घ्यायचं. कापडावर राहिलेले जीव परत आडात सोडायचे, तेही वरनं फेकायचे नाहीत, भांड्यानं अलगद पाण्यापर्यंत उतरवायचे. ज्याचं घर त्याला परत. बापूसोंनी दोन्ही कबूल केल्या. ते इतक्या लगबगीनं हो म्हणाले की पद्मावतीबाईंना संशय आला.

टब विकणारा पोरगा सौमित्र, पुण्याचा. बूट दारात काढून, पाय जुळवून सोफ्यावर बसला.

"या पावणं," बापूसो म्हणाले. "ह्यांस्नी नीट सांगा सगळं."

सौमित्रनं सांगितलं. क्लोरीनचा वास नको, डोळे चुरचुरायला नकोत, म्हणून ह्या टबाला ओझोन आहे. एक लहानशी पेटी. ती हवेतल्या प्राणवायूचा ओझोन करते, पाण्यात सोडते, आणि काम झालं की त्याचा परत प्राणवायू होतो. मागं काही उरत नाही.

"काम म्हंजे?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

बापूसोंनी सौमित्रकडे पाहून भुवया उडवल्या, खोकून पाहिलं, चहाचा कप बशीवर आपटला. पोरगं रंगात आलं होतं.

"काकू, काम म्हणजे, पाण्यात एकही जीव जिवंत राहत नाही!"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"एक बी न्हाय?"

"एकही नाही. गॅरंटी आहे, काकू. लेखी देतो."

बापूसोंनी डोळे मिटले.

"आणि त्या क्लोरीननं?" पद्मावतीबाई.

"छे, त्यात काही वाचतात. चिवट असतात ते."

"मग क्लोरीनच दे की बाबा."

इतक्या दिवसांत सौमित्रला असलं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. कमी मारणारं औषध मागणारी बाई पाहून त्याच्या तोंडाचा आ मिटेना. ऋषभ मध्ये पडला, "आई, क्लोरीननं बी मरत्यातच."

"मग दोन्ही नको. नुसतं पाणी घाला."

"नुसत्या पाण्यात चार दिवसांत शेवाळ येतं, काकू," सौमित्र पडेल आवाजात म्हणाला.

बापूसोंनी आता आपलं ठेवणीतलं काढलं. आदल्या रात्री त्यांनी नातवाकडून मोबाइलवर वाचून घेतलं होतं. "अगं ऋषभच्या आई, वीज चमकली की आभाळात जो वायू हुतो, त्योच ह्यो. निसर्गाचा हाय. आभाळानं मारलं तर आपल्याला कशाचं पाप?"

"आभाळ काय बटण दाबून चालू हुतंय व्हय?"

प्रश्न आता कुठं येऊन ठेपला हे बापूसोंना दिसलं. ओझोनची हरकत नव्हती. हरकत बटणाची होती. ते उठून खिडकीशी गेले. कुंपणापलीकडे वसंतराव लेंगा गुडघ्यापर्यंत सरसावून जास्वंदीला पाणी घालत होते.

"वसंतरावांस्नी," बापूसो खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "रोज चहाला बोलावलं तर?"

पद्मावतीबाईंनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"चहाला बोलवायला मी कवा नगं म्हणलंय?"

ऐन मे महिन्यात, कोल्हापूर तव्यावर असताना, मगदुमांच्या परड्यात गरम पाण्याचा टब बसला. कडेला दोन बटणं होती. निळं बुडबुड्यांचं, हिरवं ओझोनचं. निळं कुणीही दाबावं. हिरव्याकडे मगदुमांपैकी कुणी बघतही नसे.

रोज संध्याकाळी पद्मावतीबाई हाक देत. वसंतराव येत, चहा घेत आणि जाता जाता टबाच्या कडेला हात टेकत. तो हात नेमका हिरव्या बटणावर पडे. पद्मावतीबाई त्या वेळी पाठमोऱ्या होऊन कढीपत्ता तोडत. मगदुमांचा कढीपत्ता त्या उन्हाळ्यात पार ओकाबोका झाला.

पण फुकटच्या चहावर किती दिवस पाप करणार? आठवड्याभरात वसंतराव म्हणाले, "बापूसाहेब, ओझोन पाण्यात नीट मिसळतोय की नाही, हे आत उतरल्याशिवाय कळायचं नाही." आणि उतरले. वसंतराव अंगानं ऐसपैस. टब चौघांचा होता, म्हणजे वसंतरावांचा एकट्याचा. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पत्नी माई पाठ धरली म्हणून आल्या. माई पाण्यात असताना बापूसो परड्यात पाऊल टाकू शकत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून माईंच्या "अगंबाई, काय बरं वाटतंय हो!" एवढ्या आरोळ्या ऐकत.

माई निघेपर्यंत ऊन उतरलेलं असे, आणि मगदुमांचं जेवण दिवस मावळायच्या आत. बापूसो टॉवेल खांद्यावर टाकून टबात एक पाय घालत, तोच हाक येई, "अवं, ताट वाढलंय!" आणि जेवून गरम पाण्यात बसलं की अन्न नासतं, हे बापूसोंच्या आईनं सांगितलेलं. म्हणजे गुडघा मगदुमांचा, आड मगदुमांचा, टब मगदुमांचा, आणि बरं वाटायचं किणीकरांना.

"मास्तर, नुसतं बटण दाबून जावा की," बापूसो एकदा कुंपणावर दबक्या आवाजात म्हणाले.

"जातो की. पण मग वहिनींना सांगावं लागेल, मी चहाला येत नव्हतो, बटणाला येत होतो."

तरी दुपारच्या भर उन्हात, घामानं निथळत का होईना, बापूसोंनी आपल्या वाट्याचं थोडं सुख काढलं. आषाढात चातुर्मास लागला आणि पद्मावतीबाई जिवाजंतूंच्या बाबतीत आणखी कडक झाल्या. पावसाळी हवा, गार वारा, आणि समोर गरम पाणी. बापूसो म्हणत होते, आता खरे दिवस आले. आणि नेमके तेव्हाच वसंतराव आणि माई नृसिंहवाडीला गेले.

नदीचं पाणी चढून देवळात शिरलं आणि पादुकांवरनं वाहायला लागलं, की त्यात स्नान करायचं मोठं पुण्य. माई दरवर्षी टपून असत. स्नान झालं, पुण्य लागलं, आणि पाणी चढतच राहिलं. शिरोळचा रस्ता बंद झाला. किणीकर दांपत्य वाडीत एका पुजाऱ्याच्या माडीवर अडकलं.

इकडं हिरवं बटण अनाथ झालं.

चार दिवसांनी पाण्यावर तवंग दिसला, मग कडांना शेवाळ. बापूसो रोज फोन लावत. "मास्तर, पाणी उतरलं का?"

"अहो, दोन पायऱ्या आणखी चढलं! काळजी करू नका, आम्ही सुखरूप आहोत. रोज खीर आहे."

"तुमची न्हवं, टबाची काळजी हाय."

"मग दाबा की स्वतः! एक बोट तर लावायचं!"

बापूसोंनी फोन ठेवला. पद्मावतीबाई परड्याच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बापूसो टबाभोवती हिंडायला लागले. सहज. हातात छत्री. हिरव्या बटणाजवळ आले की त्यांचा पाय थोडा घसरायचा. ओल्या फरशीवर माणूस पडतो, पडताना कोपर कुठंही आपटतं, त्यात त्या माणसाचा हेतू नसतो. तिसऱ्या फेरीला पद्मावतीबाई सुपातनं डोकं न उचलता म्हणाल्या,

"पडा की एकदाचं. पडल्यावर बघू कुणाचं पाप ते."

एवढं बोलावणं आल्यावर बापूसोंचा पाय खरोखरच घसरला. कोपर बटणावर बसलं, पण निळ्या. टब उकळ्या फुटल्यागत गदगदला आणि हिरवं पाणी त्यांच्या टोपीवरनं सदऱ्यात उतरलं. छत्री आडात गेली. आणि इतके दिवस निम्मा खरा, निम्मा बोलायचा असलेला गुडघा पहिल्यांदा पुरता दुखला.

पूर ओसरल्यावर वसंतराव आले. पद्मावतीबाईंनी चहाला हाक दिली. वसंतराव चहा घेऊन टबाशी गेले, हात टेकायला पुढं केला, आणि वाकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वहिनी, ह्यात बेडकाची पिल्लं आहेत."

सगळे जमले. काळ्या स्वल्पविरामांसारखी शेकडो पिल्लं शेपट्या हलवत होती. इतके दिवस पाण्यातले जीव म्हणजे ऐकीव गोष्ट होती, आता त्यांना डोळे होते. पद्मावतीबाईंनी हात जोडले.

"दाबा की मास्तर," बापूसो फरशीवर टेकवलेल्या काठीला म्हणाले.

"नाही हो," वसंतराव म्हणाले. "बेडकांच्या बाबतीत मी आता निवृत्त आहे."

"मग गाळून आडात सोडू," ऋषभ म्हणाला. "जिथलं तिथं."

पद्मावतीबाईंनी विचार केला. त्यांचा न्याय कडक होता, पण न्यायच होता. "त्यातलं कोण आडातलं हाय? आडातलं सगळं आपण गाळून परत सोडलंय की. ही इथं टबात जन्मल्यात. ज्याचं घर त्याला."

बापूसोंनी टबाकडे पाहिलं. चार जणांना बसायची जागा होती, आणि घरमालक शेकड्यानं होते. शेवाळ आल्यापासनं बंद असलेला हीटर त्याच दिवशी काढून टाकला, चुकून चालू होऊन पिल्लांना पोळू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी बापूसो डॉक्टरकडे गेले. ह्या खेपेला पद्मावतीबाई बरोबर होत्या, आणि डॉक्टरांचं बोलणं संपेपर्यंत त्या खुर्चीतनं हलल्या नाहीत.

"मागे सांगितलं होतं ना," डॉक्टर गुडघा दाबत म्हणाले, "गरम पाण्याचा शेक द्या, मेडिकलमधून रबरी पिशवी घ्या, रात्री झोपताना ठेवा. घेतली नाही का पिशवी?"

पद्मावतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बापूसो भिंतीवरच्या सांगाड्याचं चित्र वाचत होते.

पिशवी दवाखान्याच्या खालच्याच दुकानात मिळाली. लाल रंगाची होती.